बोलता बोलता थांबणारा माणूस

न्यूयॉर्कमधल्या एका घरात चार पायांवर उभा असलेला भलामोठा रेडिओ होता. आठेक वर्षांचा, लाल केसांचा विन स्कली त्याच्याखाली सरपटत शिरायचा. सोबत खारी बिस्किटं आणि पेलाभर दूध. रेडिओवर कॉलेजच्या फुटबॉलचा सामना लागलेला असे. कोण जिंकतंय याचं त्याला काही नव्हतं. त्याला हवा असायचा प्रेक्षकांचा जल्लोष. शॉवरच्या पाण्यासारखा तो आवाज अंगावर कोसळायचा, असं तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला.

हा मुलगा अमेरिकी बेसबॉलचा सर्वांत लाडका समालोचक झाला. डॉजर्स या एकाच संघासाठी त्याने १९५० ते २०१६ असे तब्बल ६७ हंगाम समालोचन केलं!

सुरुवात झाली थंडीत कुडकुडत. नोव्हेंबर १९४९ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर फुटबॉलचा सामना होता. आपल्याला बंदिस्त खोलीत बसायला मिळेल या समजुतीने स्कली ओव्हरकोट न घेताच गेला आणि त्याला उघड्या छतावर उभं राहून बोलावं लागलं. त्याने अवाक्षरानेही तक्रार केली नाही. डॉजर्सचे नामवंत समालोचक रेड बार्बर यांना हे नंतर कळलं आणि पुढच्याच वर्षी स्कली त्यांच्या शेजारी बसला. बार्बर समोर वाळूचं घड्याळ ठेवत. वाळू सरली की धावफलक सांगायचा. दुसऱ्या समालोचकांना ऐकत बसू नकोस, तुझ्याकडे आहे ते दुसऱ्या कुणाकडेच नाही, असं त्यांनी या पोराला बजावलं होतं.

१९५८ मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेले. तिथलं कोलिझियम इतकं अवाढव्य, की मागच्या रांगांतून खेळाडू मुंगीएवढे दिसत. मग लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले. डोळ्यांसमोर चाललेला सामना स्कलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना पुरता दिसेना! हजारो ट्रान्झिस्टरमधून त्याचा आवाज मैदानभर घुमे. १९६० मध्ये त्याने श्रोत्यांना सांगितलं, की आज पंच फ्रँक सेकरींचा वाढदिवस आहे, मी तीन म्हटलं की शुभेच्छा द्या. अख्खं स्टेडियम एका सुरात ओरडलं.

बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मधे भरपूर वेळ जातो. हा वेळ भरून काढण्यासाठी बहुतेक ठिकाणी समालोचकांची जोडी लागते. स्कली मात्र एकटा बोलायचा, ऐकणाऱ्याशी गप्पा मारल्यासारखा. पण त्याची खरी थोरवी कळते, ती तो गप्प होतो तेव्हा.

९ सप्टेंबर १९६५ ची रात्र. डॉजर्सचा गोलंदाज सँडी कूफॅक्स 'परफेक्ट गेम' टाकत होता; म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचे २७ फलंदाज येणार आणि एकही पहिल्या बेसपर्यंत पोहोचणार नाही. शेवटच्या डावात स्कली मधूनमधून घड्याळातली वेळ सांगत राहिला, ध्वनिमुद्रणात तो क्षण कायमचा कोरला जावा म्हणून. २७ वा फलंदाज बाद झाला आणि स्कली थांबला. सुमारे ३८ सेकंद फक्त २९,१३९ प्रेक्षकांचा कल्लोळ. मग त्याने वेळ सांगितली: रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटं.

८ एप्रिल १९७४ ला अटलांटात हँक एरन या फलंदाजाने कारकिर्दीतला ७१५ वा होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून जुना दिग्गज बेब रूथ याचा विक्रम मोडला, तोही डॉजर्सच्याच गोलंदाजीवर. स्कली माइकपासून उठून मागे गेला. बऱ्याच वेळाने परत येऊन तो म्हणाला, की अमेरिकेच्या दक्षिणेत एका कृष्णवर्णीयासाठी सगळं स्टेडियम उभं राहिलंय. त्या जल्लोषाचा अर्थ त्याने श्रोत्यांच्या हाती दिला, पण आधी तो जल्लोष त्यांना पोटभर ऐकू दिला.

रेडिओखाली झोपलेल्या त्या मुलाला जे हवं होतं, तेच त्याने मोठेपणी लाखो घरांत पोहोचवलं.

लहानपणीच, २ ऑक्टोबर १९३६ ला, एका लाँड्रीच्या खिडकीत लावलेला बेसबॉल सामन्याचा धावफलक त्याने वाचला: यांकीज १८, जायंट्स ४. हरलेल्यांची त्याला दया आली आणि बेसबॉलचं वेड लागलं. त्याने शेवटचा सामना सांगितला २ ऑक्टोबर २०१६ ला, बरोबर ८० वर्षांनी, आणि समोर होते तेच जायंट्स! २०२२ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला.

कूफॅक्सच्या त्या शेवटच्या डावाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. बेसबॉल कळत नसला तरी एकदा ऐकाच. आणि ते ३८ सेकंद आले की पुढे ढकलू नका.