घरबांधणीचे शास्त्र : भाग ५ — बाहेरची भिंत कशाची बांधावी?

पाया आणि जोते यांचा विचार मागील भागात झाला. या भागात जोत्यावर उभ्या राहणाऱ्या बाहेरच्या भिंतीसाठी कोणते साहित्य निवडावे, याची चर्चा करावयाची आहे. छपराचे ओझे पेलणे आणि ऊन-पाऊस अडवणे ही भिंतीची कामे सर्वत्र सारखीच असली, तरी पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील झरी किंवा डहाणू तालुक्यातील धुंदलवाडी यांसारख्या गावांत आणखी एक कसोटी लावावी लागते. नोव्हेंबर २०१८ पासून या पट्ट्यात भूकंपांची मालिका सुरू झाली, १ फेब्रुवारी २०१९ रोजी त्यांतला ४.१ रिश्टरचा एक धक्का बसला, आणि ऐन थंडीत अनेक कुटुंबांना घराबाहेर तंबूत रात्री काढाव्या लागल्या. हे धक्के मध्यम किंवा सौम्य असले तरी त्यांचे उगमस्थान उथळ असते व ते पुन्हा पुन्हा बसतात. त्यामुळे पहिल्या धक्क्याने भिंतीला गेलेली केसाएवढी चीर पुढच्या प्रत्येक धक्क्याबरोबर रुंदावत जाते आणि भिंत हळूहळू निकामी होते.

भूकंपात भिंतीवर येणारे बल हे बाहेरून कोणी ढकलल्यामुळे येत नाही. जमीन बाजूला सरकते, भिंत मात्र स्वतःच्या जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते, आणि या ओढाताणीतून जे बल निर्माण होते ते भिंतीच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. म्हणूनच ‘जितकी जाड आणि जड तितकी भक्कम’ हा सर्वत्र रूढ असलेला समज या पट्ट्यापुरता तरी सोडून द्यावा लागतो. दीड फूट जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंतीचे वजन एका चौरस मीटरमागे एक हजार किलोहून अधिक भरते, नऊ इंची विटेच्या भिंतीचे साडेचारशे किलोच्या आसपास, तर आठ इंची हलक्या वायुमिश्रित काँक्रीट ठोकळ्यांच्या कोरड्या भिंतीचे सव्वाशे-दीडशे किलो. जड भिंत चिखलात रचलेली असली तर काय होते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात पाहिले. तेथील भिंती दोन-अडीच फूट जाड होत्या, परंतु त्या एकसंध नव्हत्या. आत एक व बाहेर एक असे दगडांचे दोन थर आणि मध्ये चिखल-चिपांची भर अशी त्यांची रचना होती, वर मातीच्या माळवदाचे प्रचंड ओझे होते, आणि धक्का बसताच हे दोन थर एकमेकांपासून सुटून माळवद खाली झोपलेल्या माणसांवर आले.

याच्या अगदी उलट टोकाला डहाणू-तलासरीतील वारली कुटुंबांचे कुडाचे घर आहे. त्यात छपराचे ओझे लाकडी मेढींवर, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबांवर असते; मेढींमधली जागा कारवीच्या काठ्या उभ्या बांधून भरली जाते आणि त्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण व भाताचे तूस यांचा लेप चढवला जातो. ही भिंत हलते, लवते, तिचा लेप गळून पडतो, पण ती सहसा माणसाच्या अंगावर कोसळत नाही. आणि लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने जिच्यावर लिहिला जातो तीही हीच भिंत आहे, हे विसरून तिला केवळ दारिद्र्याचे चिन्ह मानणे अन्यायाचे ठरेल. तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. कारवी व मेढी वाळवीला बळी पडतात, नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस पश्चिमेची आणि दक्षिणेची बाजू धुऊन नेतो, दरवर्षी सारवण व डागडुजी करावी लागते, आणि जंगलातून लाकूड आणणे पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. पक्क्या घराकडे वळणारे कुटुंब म्हणून चूक करीत नाही. चूक होते ती कुडाची हलकी, लवचीक भिंत सोडताना तिच्या जागी नुसतीच जड भिंत उभी केली जाते तेव्हा.

पक्क्या भिंतीसाठी सर्वाधिक वापरली जाते ती भाजलेली लाल वीट, आणि तिची गुणवत्ता भट्टीगणिक बदलते. चांगली वीट दुसऱ्या विटेवर आपटली असता खणखणीत आवाज देते, नखाने तिच्यावर ओरखडा उठत नाही, आणि मोडल्यास आतला रंग सर्वत्र सारखा दिसतो. मधोमध काळपट किंवा फिकट गाभा असलेली वीट कच्ची भाजलेली समजावी. याहून विश्वासार्ह चाचणी पाण्याची आहे. कोरड्या विटेचे वजन करून ती चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवावी व पुन्हा तोलावी. घरांसाठी सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या विटेने स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली, तर ती बाहेरच्या भिंतीसाठी नाकारावी, कारण दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात अशी वीट चार महिने ओली राहते आणि पावसाळा ओसरल्यावर तिच्यावर लोणा, म्हणजे पांढरे क्षार, उमटतात. लोणा खाडीच्या वाळूमुळेही लागतो. शिवाय त्या वाळूतील मीठ सळ्यांना गंजवते, म्हणून ती स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. विटांच्या भट्ट्यांवर दिवाळीनंतर उचल घेऊन राबायला जाणारी कुटुंबे याच जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवरची असतात. चांगली वीट ओळखण्याचे जे ज्ञान त्यांच्या हातात आहे त्याचा उपयोग त्यांच्या स्वतःच्या घरासाठी व्हावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

राखेची वीट हा दुसरा पर्याय आहे. डहाणूचे ५०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र कोळशावर चालते, आणि कोळसा जळून उरणारी बारीक राख चुना-जिप्समबरोबर किंवा सिमेंटबरोबर, वाळू अथवा खडीची कच मिसळून यंत्रात दाबली की भट्टीशिवाय वीट तयार होते. ती आकाराने नेमकी असल्यामुळे सांध्यांत मसाला कमी लागतो. मात्र ती भाजलेली नसते, पाण्याने मुरवलेली असते. पुरेसे दिवस न मुरवता विकलेली ताजी वीट भिंतीत गेल्यावर आकसते आणि गिलाव्याला चिरा पडतात. हलके वायुमिश्रित ठोकळे वजनाच्या दृष्टीने सर्वांत सोयीचे असले, तरी लहान घरांच्या बाबतीत त्यांच्यावर छपराचे ओझे न टाकता सळईच्या काँक्रीटचे खांब-तुळया करून केवळ मधली जागा भरण्यासाठी ते वापरणे श्रेयस्कर. शिवाय ते पाणी शोषतात, म्हणून बाहेरून चांगला गिलावा अनिवार्य आहे. जांभा हे दक्षिण कोकणाचे साहित्य असून तो येथवर आणण्याचा वाहतूक खर्च परवडत नाही. काळा दगड स्थानिक आहे, टिकाऊ आहे, ओलीला दाद देत नाही. त्याची योग्य जागा जोत्यात आहे, जोत्याच्या वर नाही.

या सर्व साहित्यांच्या निवडीपेक्षा अधिक निर्णायक गोष्ट म्हणजे भिंतींना एकमेकींशी बांधणारा पट्टा. जोत्याच्या पातळीवर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि उतरत्या छपराखाली चारही भिंतींवरून अखंड फिरणारा सळईयुक्त काँक्रीटचा पट्टा घातला, की घर सुट्या चार भिंतींचे न राहता पेटीसारखे वागते. माथ्यावरचा पट्टा किमान ७५ मिलिमीटर जाड असावा, त्यात दोन सळ्या असाव्यात आणि कोपऱ्यावर त्या तुटक न ठेवता वळवून पुढच्या भिंतीत न्याव्यात. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी हे काँक्रीट फक्त दाराच्या वर, दाराच्या रुंदीपुरतेच ओतले जाते आणि त्यालाच पट्टा म्हटले जाते. भूकंपाच्या दृष्टीने त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलासाठी २०१६ मध्ये २५ चौरस मीटर किमान क्षेत्र आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. एवढ्या रकमेत काटकसर अटळ असते, आणि ती बहुधा नऊ इंची भिंतीऐवजी साडेचार इंची भिंत बांधून केली जाते. छपराचे ओझे घेणारी साडेचार इंची बाहेरची भिंत या पट्ट्यात कोणत्याही परिस्थितीत बांधू नये. काटकसर करायचीच असेल तर ती आतल्या गिलाव्यात, फरशीत किंवा रंगात करावी, कारण ही कामे पुढच्या वर्षीही होऊ शकतात, पट्टा मात्र भिंत उभी राहिल्यावर घालता येत नाही. झरीसारख्या गावासाठी काळ्या दगडाचे जोते, त्यावर पाण्यात तपासून घेतलेल्या लाल किंवा राखेच्या विटेची नऊ इंची भिंत, अखंड पट्टे आणि पश्चिमेकडे पुरेशी लांब वळचण ही आजच्या घडीला सर्वांत योग्य निवड आहे. वळचण किती लांब असावी आणि कौले की पत्रा, याचा विचार पुढील भागात करण्यात येईल.