एका फ्रेममधली अडीच वर्षं

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे. प्रवासी जेट तिच्यावर टेकताना साधारण ताशी २६० किलोमीटर वेगात असतं, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. हेच उतरणं घरच्या संगणकावर करताना पडद्यावर सेकंदाला ६० फ्रेम उमटत असतील, तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत विमान १.२ मीटर सरकतं. फ्रेम २० वर घसरल्या की तेच अंतर ३.६ मीटर होतं आणि चाकं टेकण्याआधी नाक किंचित उचलण्याचा क्षण हातून निसटतो. फ्लाइट सिम्युलेटरसाठी संगणक जुळवणाऱ्याची सगळी धडपड एका आकड्यासाठी असते: एका सेकंदाचा साठावा भाग, म्हणजे १६.७ मिलिसेकंद.

तेवढ्या वेळात काय काय उभं करायचं असतं? बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओने घडवलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० च्या ऑगस्टमध्ये आला, तेव्हा त्यात ३७,००० विमानतळ, दीडशे कोटी इमारती आणि दोन लाख कोटी झाडं होती. या पृथ्वीमागे बिंग नकाशांची दोन पेटाबाइटहून जास्त माहिती आहे. एक टेराबाइटच्या एसएसडीवर ती साठवायची म्हटली तर तशा २,००० एसएसडी लागतील. आणि सेकंदाला ५० मेगाबिटची इंटरनेट जोडणी अहोरात्र चालू ठेवून ती उतरवून घ्यायची म्हटली, तर दहा वर्षं लागतील. म्हणून सिम्युलेटर सगळी पृथ्वी घरी आणतच नाही. विमानाच्या खालचा आणि समोरचा मुलूख तेवढा मागवतो. २०२४ च्या आवृत्तीने तर हे मागवणं आणखी वाढवलं. घरच्या डिस्कवर ५० जीबी जागा तिला पुरते, पण शिफारस मात्र ५० मेगाबिटच्या जोडणीची आहे.

१९८२ साली आयबीएम पीसीसाठी मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर निघाला, तेव्हा त्याला ६४ किलोबाइट मेमरी पुरत होती. आज शिफारस ३२ जीबीची आहे, म्हणजे ५,२४,२८८ पट. त्या पीसीच्या प्रोसेसरचा वेग होता ४.७७ मेगाहर्ट्झ. आजचा प्रोसेसर पाच गिगाहर्ट्झ ओलांडतो, म्हणजे हजार पटींहून थोडा जास्त. मेमरी पाच लाख पटींनी वाढली आणि प्रोसेसरच्या घड्याळाचा वेग हजार पटींनी. सुटे भाग निवडताना सगळा पेच उभा राहतो तो या तफावतीतून, कारण एवढा मोठा साठा हाकणारा ठोका त्या मानाने फारसा जलद झालेला नाही.

पाच गिगाहर्ट्झचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. तेवढ्या वेळात निर्वात पोकळीतला प्रकाशसुद्धा फक्त सहा सेंटिमीटर जातो. मदरबोर्डवर प्रोसेसरपासून रॅमच्या पट्टीपर्यंतचं अंतर जाऊन-येऊन मोजलं, तर प्रकाशालाही ते एका ठोक्यात जेमतेम कापता येईल किंवा येणारही नाही. विजेचा संकेत त्याहून मंद असतो आणि रॅमच्या आत माहिती शोधण्याचा वेळ वेगळाच.

आता हा एक ठोका ताणून एक सेकंदाचा करू. प्रोसेसरच्या पोटातल्या तिसऱ्या पातळीच्या कॅशमधून, म्हणजे हाताशी ठेवलेल्या छोट्या मेमरीतून, एखादा आकडा आणायला साधारण ५० सेकंद लागतात. रॅममधून आणायला सहा-सात मिनिटं. एसएसडीवरून जवळजवळ तीन दिवस. आणि इंटरनेटवरच्या सर्व्हरकडून, २० मिलिसेकंदांची फेरी धरली तर, तीन वर्षांहून जास्त. याच मापाने १६.७ मिलिसेकंदांची फ्रेम म्हणजे दोन वर्षं आणि सुमारे आठ महिने. म्हणजे एक फ्रेम पुरी होण्याआत सर्व्हरचं उत्तर यायचंच नाही. डोंगर, इमारती, झाडं हे सगळं आधीच मागवून ठेवलेलं असलं पाहिजे. फ्रेममधल्या हिशेबासाठी प्रोसेसर लाखो वेळा मेमरीकडे हात पसरतो. दर वेळी सहा-सात मिनिटं गेली तर अडीच वर्षंही अपुरी पडतात.

म्हणून माझ्या मते या खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हा आहे: ९६ मेगाबाइट. एएमडीच्या रायझेन ७ ९८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये एवढा तिसऱ्या पातळीचा कॅश आहे. त्यातला ३२ एमबी नेहमीचा, आणि ६४ एमबी एका वेगळ्या चिपवर, कोअरच्या खाली चिकटवलेला. त्याच घराण्यातल्या रायझेन ७ ९७००एक्सलाही आठच कोअर आहेत. त्याचा कमाल वेग तर ५.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे ९८००एक्स३डीच्या ५.२ पेक्षा जास्त. तरी सिम्युलेटरमध्ये कमी वेगाचा, मोठ्या कॅशचा भाऊ पुढे जातो. विमानाच्या पृष्ठभागाचे हजाराहून जास्त तुकडे पाडून त्या प्रत्येकावरचा हवेचा दाब, इंजिन, कॉकपिटमधली उपकरणं, आजूबाजूची वाहतूक हे बरंचसं काम एका मेन थ्रेडवरून क्रमाने जातं. तिथे सोळा कोअर घेऊन फारसा लाभ नाही. मेन थ्रेडला वाट पाहायला लावू नये, हीच खरी गरज.

ग्राफिक्स कार्डाची गोष्ट उलटी. तिथे गर्दीच कामाला येते. आरटीएक्स ५०८० च्या चिपमध्ये ४,५६० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, आणि तेही ३७८ चौरस मिलिमीटरमध्ये. म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर बारा कोटी, जवळजवळ महाराष्ट्राच्या लोकसंख्येएवढे. त्यावरचे १०,७५२ कोअर मिळून सेकंदाला सुमारे ५६ लाख कोटी गणितं करतात. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हा त्याची क्षमता सेकंदाला शंभर कोटी गणितांची होती. दोन्ही यंत्रांच्या गणितांची अचूकता सारखी नाही, त्यामुळे थेट भागाकार करणं त्या महासंगणकावर अन्याय ठरेल. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारल्यानंतर देशाने स्वतःच्या बळावर गाठलेली ती उंची होती. पण तीन दशकांत केवढं अंतर कापलं गेलं, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

एवढी ताकद जाते कुठे? पडद्यावर. ४के मॉनिटरवर ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हटल्या तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. २५६० गुणिले १४४० च्या मॉनिटरवर तोच भार सव्वादोन पटींनी हलका होतो. पैसे मोजके असतील तर मी १४४० वर थांबेन, आरटीएक्स ५०७० टीआयसारखं १६ जीबीचं कार्ड घेईन आणि उरलेले पैसे प्रोसेसरकडे वळवेन. कार्डावरच्या मेमरीत मात्र हात आखडता घेऊ नका. २०२४ च्या आवृत्तीची शिफारस आठ जीबीची आहे आणि उत्तम अनुभवासाठी बारा जीबीची.

रॅमचा सौदा सध्या कठीण आहे. २०२५ च्या अखेरीपासून तिचे भाव भडकले आहेत, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी ओढून घेतली. अशी डेटा सेंटरं नवी मुंबईकरांच्या रोजच्या वाटेवरच आहेत: महापे, रबाळे, ऐरोली. पनवेलच्या योट्टा एनएम१ या डेटा सेंटरमध्ये तर ७,२०० रॅक मावतात. लॅमिंग्टन रोडच्या दुकानात ३२ जीबीची जोडी आणि ६४ जीबीची जोडी यांतली तफावत विचारून बघा, मग ३२ वर समाधान मानणं सोपं जाईल. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, ८५० वॅटचा आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा. ५५० वॅट खाणारं यंत्र तेवढीच उष्णता खोलीत सोडतं. खाडीकाठच्या मे महिन्यात ती जाणवते, म्हणून कॅबिनेट पुढून जाळीचं हवं.

आणखी एक गोष्ट. सिम्युलेटरची जमीन फोटो आणि उंचीच्या मोजमापांवरून घडते, आणि फोटो काढल्यानंतर बदललेला मुलूख अद्ययावत होईपर्यंत तिथे जुन्याच रूपात राहतो. नवी मुंबईत हा बदल साधा नव्हता. १,१६० हेक्टरच्या विमानतळासाठी सुमारे ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर कापला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. अशा ठिकाणी उतरायचं तर आपल्या आवृत्तीत तिथली जमीन कोणत्या वर्षाची आहे, हे आधी बघून घ्यावं. त्यावर महागडं कार्ड हा उपाय नाही.

शेवटचा खर्च हाताचा. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम ही जॉयस्टिक चुंबकीय सेन्सरवर चालते आणि प्रत्येक अक्षावर १६,३८४ पायऱ्या ओळखते. दोन अक्ष मिळून २६ कोटी ८४ लाखांहून जास्त स्थिती होतात. की-बोर्डवर बाणाची कळ एक तर दाबलेली असते किंवा सोडलेली. ४के मॉनिटर पुढच्या वर्षी आला तरी चालेल, जॉयस्टिक मात्र पहिल्याच यादीत लिहा.