‘समान’ आणि ‘सामाईक’

नागरिकशास्त्राच्या तासाला मोरजीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘‘सर, गोव्यात समान नागरी कायदा आहे; म्हणजे नवराबायकोची मालमत्ता समान, असेच ना?’’ प्रश्न साधा होता, तरी उत्तर देताना आम्ही अडखळलो. त्या वाक्यात ‘समान’ हा शब्द दोनदा आला होता आणि दोन्ही ठिकाणी त्याने दुसऱ्याच कल्पनेची जागा अडविली होती.

संविधानाच्या ४४व्या अनुच्छेदातील मूळ इंग्रजी विशेषण एकरूपतेचे आहे: सर्व नागरिकांस एकच संहिता. दांपत्याच्या मालमत्तेची गोव्यातील कल्पना मात्र सहस्वामित्वाची होय. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून येथे लागू झाली. तिच्यातील वारशाविषयीच्या तरतुदींची जागा २०१६ मध्ये अंमलात आलेल्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्याने घेतली, तथापि ही कल्पना टिकून आहे. विवाहापूर्वी निराळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता उभयतांची सामाईक ठरते. पोर्तुगीज भाषेत हिलाच ‘कोमुन्यांव’ म्हणतात. प्रत्येकाचा हिस्सा निम्मा खरा. परंतु विवाह टिकून आहे तोवर कुळागरातील अमुक माड माझा आणि तमुक तुझा असे दोघांपैकी कोणासही म्हणता येत नाही. जमीन विकावयाची तर दोघांचीही संमती लागते. ‘अर्धी माझीच आहे, ती मी विकतो’ असे म्हणणाऱ्या पतीने ‘सामाईक’चा अर्थ ‘समान’ असा लावलेला असतो, आणि त्याचा भुर्दंड बहुधा खरेदीदारास बसतो.

‘सामाईक’ या एका शब्दातही पुन्हा छटा आहेत. त्या ओळखण्याची आमची कसोटी सोपी आहे: वाटणी मागता येते काय? भावाभावांत उतरलेल्या घराची वाटणी कोणीही सहमालक मागू शकतो. बारदेश-साष्टीतील कोमुनिदादींच्या, म्हणजे गावकरीच्या, जमिनीत गावकराला उत्पन्नातील वाटा मिळतो, पण ‘माझा तुकडा तोडून द्या’ असे तो म्हणू शकत नाही. जमीन संस्थेची असते. आमच्या मोरजीच्या किनाऱ्याचे तर आणखीच वेगळे. तेथे कासवे अंडी घालावयास येतात, रापणकार जाळे ओढतात, परदेशी पाहुणे ऊन खात पडतात. ती वाळू ‘सर्वांची’ आहे, याचा अर्थ तीत कोणाचाच हिस्सा नाही. असा नैसर्गिक ठेवा राज्य केवळ विश्वस्त म्हणून सांभाळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात म्हटले. येथे ‘सामाईक’ चालणार नाही, ‘सार्वजनिक’च हवा.

फौजदारी कायद्यात मात्र हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. जुन्या दंडसंहितेचे कलम ३४ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३, उपकलम ५) अनेकांनी मिळून केलेल्या कृत्याची जबाबदारी प्रत्येकावर टाकते. पण त्यांचा इरादा सामाईक असला पाहिजे. वर्तमानपत्रांत हाच शब्द पुष्कळदा ‘समान उद्देश’ असा छापला जातो. महबूब शाह खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. सिंधूकाठी बोरूवरून तंटा झाला. आपल्या माणसाची हाक ऐकून वली शाह व महबूब शाह बंदुका घेऊन धावले. वलीच्या गोळीने एक जण मेला, महबूबच्या गोळीने दुसरा जखमी झाला. महबूबला खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि लाहोरच्या उच्च न्यायालयाने ती कायम केली. १९४५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने खुनाचा दोष रद्द केला. दोघांचे इरादे एकसारखे असतीलही. पण आधी मिळून ठरविलेला एकच इरादा दोघांचा होता, असा पुरावा नव्हता. आता हा निर्णय मराठीत सांगताना मूळ कलमातच ‘समान’ शब्द वापरला, तर न्यायमूर्तींनी कोणता भेद केला हे सांगावयास आपल्याजवळ शब्दच उरत नाही!

संस्कृताच्या ओढीने ‘सामाईक’ हा शब्द काहींस गावंढळ वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. विहीर, पायवाट, भिंत यांच्या भांडणांत आमच्या पेडण्यातील निरक्षर माणूसही तो अचूक वापरीत आला आहे. त्या विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन वाक्ये लिहून दिली: ‘दोघांच्या विहिरी समान आहेत.’ ‘दोघांची विहीर सामाईक आहे.’ तो क्षणभर थांबून म्हणाला, ‘‘पहिल्यात विहिरी दोन आहेत, सर.’’