लावणी कलावंतांचे मानधन

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे जगणे नृत्यातून मांडणाऱ्या आल्विन एली यांच्या पथकाला १९६२ साली तिथल्या सरकारने परदेश दौऱ्यावर पाठवले. आपल्याकडेही सरकारने लावणी कलावंतांची दखल घेतली. वाईच्या, कोल्हाटी समाजातल्या यमुनाबाई वाईकर बसल्या जागी, नजरेने आणि बोटांनी लावणीच्या एकाच ओळीचे नाना अर्थ उलगडत. त्यांना १९९५ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण पुरस्कार मोजक्यांनाच मिळतात. इतर ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज मानधन योजना आहे. २०२४ पासून तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये आहे. हे मानधन म्हणजे उपकार नव्हेत, कलेचा तो हक्क आहे. तुमच्या गावात असा कलावंत असेल, तर त्याला अर्ज भरायला जरूर मदत करा.