उंबरठ्याचा प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे आपल्याच घराच्या भिंतींखाली गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा भार. दोन्ही एकदम कोसळले. आज लातूर-नांदेडकडे असा जुना वाडा वृद्धांच्या वा अपंगांच्या निवासासाठी घ्यायचा, तर रंगरंगोटीने भागणार नाही. आधी माळवदावरची माती उतरवावी. भिंतीचे आतले-बाहेरचे पदर आरपार दगडांनी सांधावेत. दारांच्या माथ्यावर चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा द्यावा.

जीव वाचेल; पण माणूसपणाचे काय? जोते २ फूट उंच असेल, तर १:१२ प्रमाणे २४ फूट लांबीचा उतार लागतो. तो पुढच्या दारालाच हवा. मागच्या दाराने आत येणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्या वाड्यांतले टोपलीचे संडास मागच्या बोळाकडे असत. साफ करणाऱ्याचे पाऊल अंगणात पडू नये, हा त्यामागचा हिशेब. वाड्याच्या नकाशातच जात बांधलेली होती! तेव्हा संडास निजायच्या खोलीलगत हवा. दार बाहेर उघडणारे, भिंतीला धरायला दांडी, वाटेत उंबरठा नाही. सेवा करणाऱ्या बाईची खोलीही त्याच छपराखाली हवी.

आणि जागा भरवस्तीत हवी. गावकुसाबाहेर जगलेल्यांच्या लेकरांनी म्हाताऱ्यांसाठी नवे गावकूस उभारू नये.