झऱ्यातलं लाल शैवाल

लाल शैवालांच्या सुमारे ७,००० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या बहुतेक समुद्रात वाढतात. मोजक्या जातींनी मात्र गोडं पाणी जवळ केलं. बॅट्रॅकोस्पर्मम ही त्यांतली सर्वांत देखणी प्रजाती. १७९७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ रोथ यांनी तिला नाव दिलं.

दगडाला चिकटलेली ही बुळबुळीत माळ भिंगाखाली धरावी: मधला धागा आणि त्यावर ठरावीक अंतरावर फांद्यांचे गोल झुपके, जणू ओवलेले मणी. रंग मात्र क्वचितच लाल. लाल रंगद्रव्याच्या जोडीला निळं आणि हिरवंही असल्यामुळे ती हिरवट, तपकिरी किंवा जांभळट दिसते.

खरी गंमत जीवनचक्रात आहे. लाल शैवालांच्या नर पेशींना पोहण्यासाठी शेपटीच नसते; त्या प्रवाहाबरोबर वाहत जाऊन मादी पेशीच्या केसासारख्या टोकाला चिकटतात. फलनानंतर मादीच्या अंगावरच बीजाणूंचा गुच्छ तयार होतो. हे बीजाणू रुजले की उगवतं ते काही मण्यांची माळ नव्हे, तर बारीक तंतूंचा पुंजका, शांट्रान्सिया. पूर्वी त्याला वेगळंच शैवाल मानत. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ सिरोदो यांनी हे नातं उलगडलं. याच तंतूंच्या टोकाशी अर्धसूत्री विभाजन होतं आणि तिथूनच नवी माळ फुटते.

तिला थंड, स्वच्छ, वाहतं पाणी आणि बहुधा सावली लागते. सह्याद्रीतही ती सापडते. तिच्या एका जातीला महाबळेश्वरचंच नाव दिलेलं आहे. पाणी गढूळ झालं किंवा काठची झाडं तुटली, की तिचा अधिवास धोक्यात येतो.