टेकडीवर पळताना : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

पुण्यात वेताळ टेकडीवर किंवा तळजाईला सकाळी सहाला गेलात, तर चालणाऱ्यांच्या गर्दीत पळणारेही बरेच दिसतात. त्यांतले बहुतेक डांबरी रस्त्यावर पाच-दहा किलोमीटर पळून सरावलेले असतात. टेकडीच्या पहिल्याच चढाला त्यांचा धीर सुटतो. "निम्म्या वाटेत चालायला लागलो, आपला काही दम नाही," असं म्हणत ते परत रस्त्यावर जातात. दमाचा इथे फारसा दोष नसतो. रस्त्यावरची मापं ते टेकडीला लावत असतात, एवढंच.

चढावर चालणं म्हणजे हार, हा सगळ्यांत चिवट गैरसमज. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी खास उभा ट्रेडमिल बनवून हे मोजलं आणि 2016 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. एकाच गतीने उंची गाठायची असेल, तर साधारण 16 अंशांहून उभ्या चढावर पळण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते. आतकरवाडीहून सिंहगडावर जाणाऱ्या वाटेवर असे टप्पे काही कमी नाहीत. म्हणून डोंगरातल्या स्पर्धा जिंकणारेही उभ्या चढाला कमरेतून जरा पुढे झुकतात, तळहात मांड्यांवर दाबतात आणि आखूड पावलं टाकत चालतात. सुरुवातीला एक साधी कसोटी पुरते : शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईनासं झालं, की चालायला लागायचं.

किलोमीटरमागे किती मिनिटं, हे गणितही इथे निरुपयोगी ठरतं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला. दर पाच किलोमीटरला एक तास धरा आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. सिंहगडाची आतकरवाडीची वाट तीन किलोमीटरहूनही कमी आहे, पण चढ आहे सुमारे 600 मीटर. म्हणजे चालत दीड तासाचा हिशेब. सरावलेले लोक त्याहून कितीतरी लवकर वर पोचतात. तुम्ही मात्र पहिले दोन-तीन महिने अंतर विसरा. "आज पाऊण तास टेकडीवर" एवढंच ठरवून निघा.

मग उतार तरी फुकटचा? उलट अंग दुखतं ते उतारानेच. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतात आणि त्याच वेळी शरीराला ब्रेकही लावत असतात. या कामाची त्यांना सवय नसते. दुखणं त्या दिवशी फारसं जाणवत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. दिलासा असा, की एकदा हा ताण सोसलेले स्नायू पुढच्या खेपेला बरेच कमी दुखतात. म्हणून आधी छोटे उतार घ्यावेत. भीतीने मागे रेलणं ही नवख्याची हमखास सवय. तशाने सगळा भार टाचेवर येतो आणि घसाऱ्यावर टाच सटकते. कातळावर पसरलेला मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली ज्वारीच. तिथे गुडघे सैल हवेत, पावलं छोटी आणि भरभर पडायला हवीत. हात तोलासाठी थोडे बाजूला ठेवावेत आणि नजर बुटांवर न खिळवता तीन-चार पावलं पुढे असावी.

"मातीवर पळा, गुडघे वाचतात," हा सल्ला अर्धाच खरा आहे. जमीन मऊ लागली की पाय आपोआप ताठर होतात, त्यामुळे धक्का वाटतो तितका कमी होत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या कारणाने. पायवाटेवर प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, एकाच जागी तोच ताण हजारो वेळा येत नाही. बदल्यात धोका घोट्याला असतो. रोज दात घासताना एकेका पायावर उभं राहून तोल सांभाळायचा सराव करा. फुकटात होणारं आणि खरोखर उपयोगी पडणारं काम आहे.

महागडे ट्रेल शूज पहिल्या दिवसापासून लागत नाहीत. कोरड्या टेकडीला रोजचे बूट चालतात. तळाला दाते असलेले बूट उपयोगी पडतात ते चिखलात आणि मोकळ्या मातीत. शेवाळलेल्या ओल्या कातळावर मात्र कुठल्याच बुटांवर विसंबू नका. दुकानदार काहीही सांगो, तिथे बसून उतरावं, लाज बाळगू नये. बूट घेताना अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नखं काळीनिळी होतात.

पावसाळा हा टेकडीचा सुंदर काळ, पण नवख्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी बरा. धुकं नाही, ओढे अचानक फुगत नाहीत. सापांची भीती सगळ्यांना असते. पण घोणस काय किंवा फुरसं काय, पाय कुठे पडतोय ते बघितलं तर त्यांच्याशी गाठ पडण्याची शक्यता खूप घटते. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. कड्याला लटकलेली आग्या मोहोळं मला सापांहून जास्त काळजीची वाटतात. अत्तर आणि आरडाओरडा घरी ठेवून या. इअरफोनही.

सिंहगड-राजगड-तोरणा अल्ट्राचे फोटो पाहून हा वेड्या लोकांचा खेळ वाटत असेल, तर त्या स्पर्धेत 100 किलोमीटरबरोबर 11 किलोमीटरचाही गट असतो, हे लक्षात घ्या.

शेवटचा गैरसमज : पायवाट सगळ्यांचीच. इंग्लंड-वेल्समध्ये सार्वजनिक पायवाटा कायद्याने नोंदलेल्या असतात आणि खाजगी शेतातूनही जायचा हक्क असतो. आपल्याकडे सरसकट तसं नाही. वाट वनखात्याच्या जमिनीतून, लष्कराच्या हद्दीजवळून किंवा कुणाच्या भातखाचराच्या बांधावरून जात असेल. बांधावर पळू नका, तो ढासळतो. शेतात माणूस दिसला तर थांबून विचारा. आणि एक विनंती : नागमोडी वाटेची वळणं तोडून सरळ खाली उतरू नका. पावसाचं पाणी तुमच्याच त्या शॉर्टकटने धावतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथे घळ पडते.